आधी जागा पाहा, मग ड्रायव्हर टाका

उसाची गाडी वजनकाट्यावर चढली की आकडा आधी काट्याच्या इंडिकेटरवर उमटतो आणि मग एका वायरीतून संगणकात जातो. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजणारे यंत्र, वजनाचा काटा आणि पावती छापणारा प्रिंटर हे तिन्ही एकाच संगणकाला जोडलेले असतात. सेवा केंद्रात अंगठ्याचे यंत्र, तलाठ्याकडे डिजिटल सहीचे टोकन, फ्लेक्सच्या दुकानात मोठा प्रिंटर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांत कुठेही जा, ऊस, दूध, सातबारा आणि अनुदान यांचा हिशेब कुठे ना कुठे अशा जोडलेल्या यंत्रातून जातो. यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये बोलणी करणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर टाकणे हे काम आज इतके सोपे झाले आहे की त्याआधी काही पाहायचे असते हेच विसरले जाते. नवे यंत्र जोडायचे, फाईल चालवायची, ‘पुढे, पुढे’ करत जायचे आणि दिवा लागला की निघायचे. त्याच दिवशी संध्याकाळी जुने यंत्र बंद पडते. मग दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, यंत्र विकणारा म्हणतो विंडोज खराब आहे आणि शेवटी सगळे पुसून संगणक फॉरमॅट मारला जातो. खरे कारण बहुतेक वेळा साधे असते: नव्या यंत्राने जुन्याची जागा घेतलेली असते. ही जागा कोणती, ती पूर्वी कशी वाटली जायची, आज कशी वाटली जाते आणि ड्रायव्हर टाकण्याआधी ती कशी तपासायची, याचा हा आढावा.

भांडण कशावरून होते

संगणकातल्या प्रत्येक यंत्राला प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक ओळ लागते; तिला इंटरप्ट किंवा आयआरक्यू म्हणतात. बोलण्यासाठी एक पत्ता लागतो, तो आय-ओ पोर्ट. काहींना प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत माहिती टाकण्यासाठी डीएमएची वाहिनी लागते, तर काहींना मेमरीचा स्वतःचा तुकडा. या चार गोष्टींना मिळून यंत्राची साधने म्हणायची. दोन यंत्रांना एकच साधन दिले गेले की भांडण ठरलेले.

१९८१ च्या आयबीएम पीसीत इंटरप्टच्या आठच ओळी होत्या. १९८४ च्या पीसी-एटीत दुसरी नियंत्रक चिप आली आणि ओळी सोळा झाल्या. पण दुसरी चिप पहिलीला जोडण्यात एक ओळ खर्च झाली आणि हाती पंधरा उरल्या. त्यातली ० घड्याळाची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, ८ तारीख-वेळ राखणाऱ्या घड्याळाची, १३ गणिती सहप्रोसेसरची, १४ आणि १५ हार्डडिस्कच्या जोडण्यांची. प्रिंटरचे पहिले पोर्ट ७ वर. सिरीयल पोर्टांची गोष्ट सगळ्यांत अडचणीची: कॉम १ आणि कॉम ३ या दोघांना ४ नंबरची एकच ओळ आणि कॉम २ आणि कॉम ४ या दोघांना ३ नंबरची. पत्ते वेगळे, म्हणजे कागदावर चार पोर्ट. पण ओळी दोनच.

मुळा किंवा भंडारदऱ्याच्या कालव्यावर ज्यांचे रान आहे त्यांना हे लगेच उमगेल. शेजपाळीत एका चारीवर दोघांना एकाच वेळेची पाळी लिहून दिली, तर दोष पाण्याचा नसतो, शेतकऱ्यांचाही नसतो. पाळी लिहिण्याआधी आधीची नोंद न पाहणाऱ्याचा असतो.

कार्डे बसवायच्या जुन्या आयसा स्लॉटमध्ये इंटरप्टची ओळ वाटून घेता येत नसे, त्यालाही कारण आहे. तिथे ओळीवरचा विजेचा दाब खालून वर गेला की तो क्षण म्हणजे हाक. एका यंत्राने ओळ वर धरलेली असताना दुसऱ्याने हाक मारली, तर नवा चढाव होतच नाही आणि ती हाक हरवते. म्हणूनच माऊस कॉम १ वर आणि आतला मोडेम कॉम ३ वर असला की मोडेमने नंबर फिरवताच माऊस थिजायचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतरच्या काही वर्षांत घरोघरी आलेल्या मोडेमांसोबत हे दुखणेही घरोघरी आले.

जंपरचा काळ

तेव्हा यंत्र बसवणाऱ्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हरबरोबर चिमटाही असे. कार्डावरच्या दोन पिनांवर इवलीशी टोपी चढवली की पत्ता बदले; ती टोपी म्हणजे जंपर. कार्डाच्या खोक्यात एक तक्ता येई आणि तो हरवला तर काम अडे. पतसंस्थांमधून पहिल्यांदा एकाहून अधिक संगणक वायरीने जोडले जाऊ लागले, तेव्हा एनई-२००० जातीची नेटवर्क कार्डे सर्वत्र चालत. त्यांची कारखान्यातून येणारी मांडणी पत्ता ३००, आयआरक्यू ३ अशी असे. पण ३ नंबरची ओळ तर कॉम २ ची. कॉम २ वर काही जोडलेले असेल तर दोन्ही बंद. साउंड कार्डाची ठरलेली जागा पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. आणि ५ नंबरच दुसऱ्या प्रिंटर पोर्टाचाही.

मराठी अक्षरांचा संगणकावरचा पहिला प्रवासही याच अरुंद जागेतून झाला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट हे तंत्र सुरुवातीला कार्डाच्या रूपात मिळे. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून ते संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवायचे. कार्ड म्हटले की त्याला स्वतःची जागा हवी आणि आधी बसलेल्यांशी त्याचे जमावे लागते.

पुढे डीटीपीची दुकाने निघाली, पत्रिका आणि निवडणुकीची पत्रके तालुक्याच्या गावीच जुळू लागली, तेव्हा भांडण प्रिंटरच्या पोर्टावर आले. मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर चोरीला जाऊ नये म्हणून कंपन्या त्याच्यासोबत हार्डवेअर लॉक देत. त्यालाच सगळे डोंगल म्हणत. डोंगल संगणकाच्या प्रिंटर पोर्टात खोचायचे आणि प्रिंटरची केबल डोंगलच्या पाठीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे दुसरे डोंगल असेल तर ते पहिल्याच्या पाठीत आणि प्रिंटर शेवटी. म्हणजे एकाच वायरीवर तिघे बोलणार. प्रिंटरचा ड्रायव्हर शाईची पातळी विचारायला वायर सतत चाळवू लागला की डोंगलची ओळख पुसली जायची आणि अक्षरांचे सॉफ्टवेअर ‘लॉक सापडत नाही’ म्हणून बंद व्हायचे. काही वेळा प्रिंटर बंद असला की डोंगल दिसत नसे आणि चालू केला की दिसे. त्यावर उपाय होते: बायोसमध्ये पोर्टाची पद्धत ईसीपीवरून साध्या एसपीपीवर आणणे, प्रिंटर ड्रायव्हरमधले दुतर्फा संभाषण बंद करणे, डोंगलांचा क्रम बदलणे किंवा दुसऱ्या प्रिंटर पोर्टाचे कार्ड टाकणे. शेवटच्या उपायात पुन्हा आयआरक्यू ५ चा प्रश्न उभा राहायचा.

त्या काळी पाहणीचे साधन म्हणजे डॉस आणि विंडोजसोबत येणारा एमएसडी हा प्रोग्रॅम. कोणती ओळ कोणाकडे आहे याचा तक्ता तो दाखवी, पण त्यातला बराचसा भाग अंदाज असे, कारण कार्ड स्वतःहून आपला पत्ता सांगत नसे. म्हणून चांगला कारागीर संगणकाच्या कॅबिनेटच्या आत कागद चिकटवून ठेवी: कोणते कार्ड, कोणता पत्ता, कोणती ओळ. त्या कागदाची किंमत पुढच्या दुरुस्तीच्या वेळी कळे.

विचारल्याशिवाय हात लावायचा नाही

ही पाहणी माणसाने करायची तशीच ड्रायव्हरनेही करायची असते, हे फारसे बोलले जात नाही. जुने ड्रायव्हर आपले कार्ड शोधण्यासाठी ठरावीक पत्त्यांवर जाऊन टकटक करत. त्या पत्त्यावर दुसरेच कार्ड असेल तर टकटक महागात पडे. एनई-२००० मध्ये असा एक पत्ता आहे की तो नुसता वाचला तरी कार्ड रीसेट होते. म्हणजे शोधाशोधीतही मोडतोड होऊ शकते.

म्हणून विंडोज एनटीने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना नियम घालून दिला: हार्डवेअरला हात लावण्याआधी आपल्याला कोणती साधने हवीत ते प्रणालीला सांगा. प्रणाली आधीच्या मागण्यांशी ताडून पाहील, टक्कर असेल तर तसे कळवील आणि मग ड्रायव्हरने मुकाट्याने माघार घ्यावी. या मागण्यांची नोंद रजिस्ट्रीत राहायची. लिनक्समध्येही तीच शिस्त आहे. ड्रायव्हर आधी पत्त्यांचा पट्टा मागतो. तो दुसऱ्याने घेतला असेल तर ‘साधन व्यग्र आहे’ असे उत्तर मिळते आणि ड्रायव्हरने बाहेर पडायचे असते. इंटरप्ट मागतानाही वाटून घ्यायला तयार आहे की नाही हे सांगावे लागते. दोघेही तयार असतील तरच दोघांना एक ओळ मिळते.

या नियमातली मेख अशी की तो सगळ्यांनी पाळला तरच उपयोगी. एक ड्रायव्हर न विचारता पोर्टावर लिहू लागला, तर नोंदवही स्वच्छ दिसते आणि यंत्र मात्र बंद पडते. एनटीच्या वंशातल्या विंडोजने साध्या प्रोग्रॅमांना पोर्टाला थेट हात लावण्याची मुभा काढून घेतली, ती याचसाठी. विंडोज ९८ वरून एक्सपीवर गेलेल्या अनेक डीटीपीवाल्यांचे डोंगल तेव्हा अचानक मुके झाले. त्यासाठी लॉकच्या कंपनीचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे.

जोडा आणि चालवा: काय सुटले, काय उरले

१९९३ मध्ये आयसा कार्डांसाठी प्लग अँड प्लेचा आराखडा आला. त्याआधी १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय ही स्लॉटची नवी पद्धत आणली होती. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि त्यासोबत डिव्हाइस मॅनेजर. आता कार्ड आपली ओळख आणि आपल्याला चालतील असे पर्याय स्वतः सांगू लागले आणि प्रणाली सगळ्यांची मागणी समोर ठेवून जागा वाटू लागली. पीसीआयमध्ये हाकेची पद्धतही बदलली. ओळ दाबून धरली आहे तोवर हाक चालूच मानली जाते, त्यामुळे दोघांनी एकच ओळ वापरली तरी कोणाची हाक हरवत नाही. पुढे ओळ सोडून संदेशानेच हाक द्यायची सोय झाली आणि २००३ नंतरच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये तीच मुख्य वाट ठरली.

यातून एक गैरसमज रुजला, तो अजून दुकानांत ऐकू येतो. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘टक्कर आणि भागीदारी’ अशी एकत्र यादी आहे. तिथे दोन-चार यंत्रांपुढे एकच आयआरक्यू दिसला की नवशिका घाबरतो. पण पीसीआयवर भागीदारी हे दुखणे नाही. ती ठरवून केलेली व्यवस्था आहे. खरी टक्कर ओळखायची तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या गुणधर्मात साधनांच्या पानावर तळाशी टक्कर देणाऱ्यांची यादी पाहावी आणि स्थितीच्या ओळीतला कोड वाचावा. कोड १२ म्हणजे यंत्राला पुरेशी मोकळी साधने मिळाली नाहीत. ही जुन्या अर्थाची टक्कर. कोड १० म्हणजे यंत्र सुरूच होत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड ४३ म्हणजे यंत्रानेच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवले. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही. पिवळे चिन्ह दिसले की फॉरमॅट मारणारे हात या पाच आकड्यांशी ओळख झाली तर अर्ध्या वेळा थांबतील.

ओळींचे भांडण मिटले, पण भांडण संपले नाही. ते वायरीवरून नावांवर आले, पत्त्यांवरून आवृत्त्यांवर आले. आपल्या जिल्ह्यात त्याचा सगळ्यांत मोठा फटका बसतो तो सिरीयल पोर्टाच्या वारसाला.

काटा, फॅट आणि कॉम नंबर

वजनकाट्याचे इंडिकेटर आणि दुधाचे विश्लेषक अजूनही आरएस-२३२ या जुन्या सिरीयल भाषेत बोलतात. ती भाषा साधी आहे, यूएसबीपेक्षा लांब वायरीवर टिकते आणि यंत्रे वर्षानुवर्षे चालतात. नव्या संगणकांना मात्र ते पोर्टच नसते. मग मध्ये यूएसबी-सिरीयल केबल येते आणि तिच्यासोबत तिचा ड्रायव्हर.

पहिली अडचण नंबराची. विंडोज प्रत्येक अशा केबलला एक कॉम नंबर देते आणि तो राखून ठेवते. केबलच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक असेल तर ती कुठल्याही भोकात खोचली तरी नंबर तोच राहतो. स्वस्त केबलींच्या चिपमध्ये तो नसतो. मग विंडोज तिला जागेवरून ओळखते. झाडलोट करताना केबल काढून शेजारच्या भोकात लावली की कॉम ३ चा कॉम ७ होतो. दूध केंद्राचा प्रोग्रॅम कॉम ३ वर वाट पाहत बसतो, समोर कॅनची रांग असते आणि यंत्र ‘बिघडले’ असे जाहीर होते. वर्षभरात अनेक केबली लावून काढल्या असतील तर नंबरांच्या यादीत कित्येक ‘वापरात’ असे दिसतात, यंत्र मात्र एकही जोडलेले नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली यंत्रे दाखवा असे सांगितले की ही भुते फिकट रंगात दिसतात. ती काढली की नंबर मोकळे होतात.

दुसरी अडचण ताब्याची. विंडोजमध्ये सिरीयल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. काट्याची चाचणी घेण्यासाठी कारागिराने उघडलेला छोटा प्रोग्रॅम बंद न करता तसाच ठेवला, तर मुख्य प्रोग्रॅमला ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर मिळते. जुन्या काळातली टक्कर यंत्रायंत्रांत होती, ही प्रोग्रॅमा-प्रोग्रॅमांतली.

तिसरी अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. काही काटे विचारल्याशिवाय सतत वजन पाठवत राहतात. सेकंदाला अनेक वेळा आकड्यांची ओळ येत असते. संगणक सुरू होताना विंडोज सिरीयल पोर्टावर कोण आहे ते पाहते. तिथून आधीच काहीतरी वाहत असेल, तर कधीकधी ती ओळ जुन्या सिरीयल माऊसची आहे अशी तिची समजूत होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत सिरीयल बॉलपॉइंट नावाचे, कोणी न लावलेले यंत्र उगवते. मग काट्यावर गाडी चढली की पडद्यावरचा बाण वेड्यासारखा उड्या मारू लागतो, खिडक्या आपोआप उघडतात. वजनाचे आकडे माऊसच्या हालचाली म्हणून वाचले जात असतात. पाहणाऱ्याला हे भुताटकीसारखे वाटते आणि माऊस बदलून काहीच होत नाही. उपाय सोपा: तो खोटा माऊस काढून टाकायचा नाही, कारण पुढच्या वेळी तो पुन्हा उगवेल, तो निष्क्रिय करायचा. किंवा संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच काट्याची केबल लावायची.

चौथी अडचण चिपच्या अस्सलपणाची. २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून जगभर पोहोचला आणि त्याने नकली चिपांची ओळखसंख्याच शून्य केली. केबल एका रात्रीत निकामी. आरडाओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. प्रोलिफिक या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरमध्ये तिच्याच जुन्या चिपांना डिव्हाइस मॅनेजरच्या यादीतच ‘२०१२ पासून बंद, विक्रेत्याला विचारा’ अशा अर्थाची पाटी दिसते. म्हणजे काल चालणारी केबल आज बंद पडली, तर यंत्रात काहीच बदललेले नसते. बदलला आहे तो ड्रायव्हर. अशा वेळी जुनी आवृत्ती परत टाकणे आणि त्या यंत्रापुरते ड्रायव्हरचे आपोआप अपडेट थांबवणे हाच मार्ग उरतो. काट्यासारख्या कामासाठी विश्वासू चिपची केबल घेणे हा त्याहून चांगला.

हे सगळे इतके सविस्तर सांगायचे कारण आहे. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी लोणी इथे १९५० साली आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाच्या वजनाचा विश्वास हा तेव्हापासून सहकाराचा कणा आहे. वैध मापनशास्त्र खात्याचा शिक्का काट्याच्या अचूकतेची ग्वाही देतो. इंडिकेटरवरचा आकडा आणि संगणकावरचा आकडा एकच आहे, हे रोज पाहण्याचे काम मात्र काटा चालवणाऱ्याचे. वायरीचे बोलणे तुटले की माणूस आकडा हाताने टाकू लागतो आणि हाताने टाकलेल्या आकड्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, तो बसावा अशी अपेक्षाही करू नये. गायीच्या दुधाच्या दराचा पाया ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. त्याच्या वर-खाली एकेका पॉइंटवर पैसे ठरतात. विश्लेषकाची जोडणी तुटली म्हणून कालचीच फॅट आज लागली, तर तो तांत्रिक बिघाड राहत नाही, अन्याय होतो.

अंगठा आणि सही

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर अंगठ्याचे यंत्र गावोगाव पोचले. आज ते नुसत्या ड्रायव्हरवर चालत नाही. त्याच्यासोबत आरडी सर्व्हिस नावाचा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम लागतो, जो ठसा यंत्राच्या बाजूलाच कुलूपबंद करून पुढे देतो. ही सेवा संगणकाच्या आतल्या आत ११,१०० ते ११,१२० या पोर्ट क्रमांकांपैकी एकावर उभी राहते आणि संकेतस्थळ त्या क्रमांकांवर एकामागून एक विचारत जाते: कोण आहे, तयार आहे का?

पंधरा ओळींच्या काळाशी याचे नाते सरळ आहे. मर्यादित जागा आहेत, दावेदार अनेक आहेत आणि आधी बसलेल्याकडे न पाहता नवा येतो. दोन कंपन्यांची दोन यंत्रे असलेल्या केंद्रात दोन सेवा उभ्या असतात. जोडलेले यंत्र एकाचे आणि ‘तयार नाही’ असे उत्तर आधी देणारी सेवा दुसऱ्याची, असे झाले की काही संकेतस्थळे पुढे विचारतच नाहीत. यंत्र दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात असेल तर सेवा तसेही सांगते, पण ते वाचायची सवय कोणाला नसते. ‘अंगठा घेत नाही’ एवढेच समोरच्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवले जाते आणि तो आपलीच बोटे झिजली असे समजून घरी जातो. कष्टाने बोटे खरोखर झिजतात. म्हणूनच यंत्राचा दोष बोटांवर ढकलला जाऊ नये.

डिजिटल सहीचे टोकन हाही असाच प्रकार. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि महसुलाच्या कामात हे टोकन रोजचे झाले. ग्रामपंचायतीचे व्यवहार आणि ई-निविदा यांतही ते लागते. काही टोकने खोचल्याबरोबर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात आणि तिथूनच आपला ड्रायव्हर टाकतात. वेगवेगळ्या कंपन्यांची टोकने एकाच संगणकावर वापरली की प्रत्येकाचा मधला प्रोग्रॅम स्वतःला मुख्य समजतो. नवे टाकण्याआधी जुने नीट काढून टाकले तर यातले बरेचसे टळते.

सहीचा पहारा आणि आपोआप अपडेट

गेल्या वीस वर्षांत प्रणालीने ड्रायव्हरवर पहारा बसवला. विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणाऱ्या ड्रायव्हरला डिजिटल सही सक्तीची झाली. २०१६ च्या विंडोज १० आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरांसाठी ती मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावी लागते. विंडोज ११ मधली मेमरी इंटिग्रिटी ही सोय चालू असेल तर जुने, विसंगत ड्रायव्हर चढतच नाहीत. हे सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण ज्या काट्याची कंपनी दहा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर सीडीवर देऊन गेली, त्याचा मालक अडतो आणि कोणीतरी त्याला ही सगळी कुलपे काढून टाकायचा सल्ला देतो. तो सल्ला मानू नये. हिशेबाचा संगणक उघडा टाकण्यापेक्षा सही असलेला ड्रायव्हर किंवा नवी केबल स्वस्त पडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, त्यामुळे हा प्रश्न आता अनेकांपुढे एकदमच आला आहे.

गाभ्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमची ताकद किती असते ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने वाचायची एक सदोष फाईल अपडेटमधून आली आणि सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर थांबले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तिथे भांडण हार्डवेअरचे नव्हते, पण धडा तोच: गाभ्यात शिरणारी कोणतीही गोष्ट आधी एका संगणकावर चालवून पाहावी, मग सगळीकडे सोडावी.

पाहणीचा क्रम

१. आधीची स्थिती लिहून घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडून कोणत्या यंत्राला कोणता कॉम नंबर आहे, कुठे पिवळे चिन्ह आहे ते नोंदवा. फोनने पडद्याचा फोटो काढला तरी चालेल.

२. जुने यंत्र चालू आहे का ते स्वतः चालवून पाहा. आधीच बंद असलेल्याचा दोष नंतर नव्यावर येतो.

३. विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, मेमरी इंटिग्रिटी चालू की बंद, हे पाहून त्यालाच साजेसा ड्रायव्हर कंपनीच्या ठिकाणावरून घ्या. यंत्राची ओळखसंख्या डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात मिळते, तिच्याशी ताडा.

४. परतीची वाट ठेवा: रिस्टोअर पॉइंट, चालू ड्रायव्हरची प्रत.

५. एका वेळी एकच यंत्र. सोबतच्या कागदात ड्रायव्हर आधी की केबल आधी ते लिहिलेले असते. तोच क्रम पाळा.

६. टाकल्यावर साधनांच्या पानावर टक्कर पाहा, कोड वाचा. लिनक्स असेल तर कर्नलच्या नोंदी आणि इंटरप्ट व पोर्टांच्या याद्या पाहा.

७. सिरीयल यंत्र असेल तर वेग, पॅरिटी आणि बिट दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहा. काटा २४०० वर आणि प्रोग्रॅम ९६०० वर असला तर ड्रायव्हर कितीही चांगला असो, पडद्यावर कचराच येणार.

८. संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि सगळी यंत्रे एकत्र चालवा. वजन, फॅट आणि पावती एकाच वेळी. टक्कर बहुतेकदा इथेच उघडी पडते.

९. कोणती केबल कोणत्या भोकात, ते भोकाशेजारी चिठ्ठी लावून लिहा.

कोणी काय करावे

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा; १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या किंवा जामखेडच्या टोकाच्या गावात यंत्र बंद पडले, तर जाणकार पोचेपर्यंत दिवस जातो आणि तो दिवस दुधाचा असतो. म्हणून पाहणी यंत्र बसवतानाच व्हायला हवी.

कारखान्यांनी गाळप हंगामाआधी काट्याची जशी तपासणी होते तशी काट्यापासून संगणकापर्यंतच्या जोडणीचीही लेखी तपासणी करावी आणि ती सभासदांना दाखवावी. दूध संघांनी केंद्रांना यंत्रे देताना संगणक, केबल आणि ड्रायव्हर यांची चाललेली जोडी ठरवून द्यावी. प्रत्येक केंद्राने आपापली स्वस्त केबल आणावी असे होऊ देऊ नये. खरेदीच्या करारात पुढच्या विंडोज आवृत्त्यांसाठी सही असलेला ड्रायव्हर देण्याची अट असावी. आयटीआयच्या संगणकचालक अभ्यासक्रमात आणि तंत्रनिकेतनांत काटा, विश्लेषक आणि अंगठ्याचे यंत्र प्रत्यक्ष जोडून ही पाहणी शिकवावी. आपल्या मुलांना पुढे रोज लागणारे काम हेच आहे.

आणि शेवटची गोष्ट पैशांची. ड्रायव्हर टाकायला पाच मिनिटे लागतात आणि नीट पाहणीला अर्धा तास. आज कारागिराला फक्त त्या पाच मिनिटांचे पैसे मिळतात, म्हणून तो अर्धा तास देत नाही. पाहणी हे वेगळे काम म्हणून बिलात लिहिले जावे, त्याचा कागद ग्राहकाच्या हाती पडावा आणि ग्राहकाने त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. काट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आकड्याबद्दल शंका आली, तर त्याच्यासमोर ठेवण्यासारखा पुरावा हाच कागद असेल.